दोष कोणाचा? छिंदवाड्याची स्थानबद्धता आणि महायुद्धांचा वाद

ग्रंथालयाच्या शंभर वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, देणगीदारांची नामावली आणि वास्तूचा इतिहास यांचा विचार प्रामुख्याने होतो, व तो योग्यही आहे. परंतु वाचनालयाच्या मेजावर रोज येऊन पडणाऱ्या वृत्तपत्रांनी वाचकांच्या मनात कोणते प्रश्न जागे केले, याचाही एक इतिहास असतो. तो कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. एकाने मोठ्याने वाचायचे, चौघांनी ऐकायचे आणि मग पारावर त्यावर वाद घालायचा, ही आपल्याकडील वाचनाची जुनी रीत. या वादांत विसाव्या शतकातील मराठी वाचकाला ज्या प्रश्नाने वारंवार गाठले, तो प्रश्न असा : जगातील बलाढ्य राष्ट्रे आपसांत लढू लागली की त्या युद्धाचा दोष कोणाच्या माथी मारायचा?

पांढुर्णा-सौंसर परिसराला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. पहिल्या महायुद्धात या प्रश्नाचे सरकारला न रुचणारे उत्तर छापणारा एक संपादक आपल्याच छिंदवाड्यात सुमारे साडेतीन वर्षे स्थानबद्ध होता. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी याच प्रश्नाचा देशातील सर्वांत महत्त्वाचा ऊहापोह झाला तो वर्ध्याला, आपल्याच जुन्या मध्यप्रांतात. या दोन प्रसंगांच्या आधारे त्या वादाचे स्वरूप पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सीताबर्डीचा धडा

हा मुलूख प्रथम देवगडच्या गोंड राजांचा व नंतर नागपूरकर भोसल्यांचा. १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला, आणि १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, तेव्हा सौंसर व पांढुर्ण्याचा मराठी टापू मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा होऊन सौंसर त्यात आले. ज्या काळाविषयी येथे लिहायचे आहे, त्या काळी हा सारा भाग छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे.

युद्धाचा दोष जेता कसा ठरवतो, याचा पहिला धडा या मुलखाला महायुद्धांच्या शंभर वर्षे आधीच मिळाला होता. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपुरास सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. इंग्रजी इतिहासकारांनी तिचे सारे खापर आप्पासाहेब भोसल्यांच्या विश्वासघातावर फोडले. लढाईला तोंड भोसल्यांच्या अरब शिपायांच्या गोळीबाराने लागले, हे खरेच आहे. आप्पासाहेब काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. चुलतभाऊ परसोजी याच्या मृत्यूचा संशय त्यांच्यावर होता व आहे. परंतु मे १८१६ च्या तैनाती फौजेच्या तहाने एका स्वतंत्र राज्याच्या राजधानीजवळ कंपनीची फौज आणून ठेवली आणि तिचा खर्चही त्याच राज्याच्या माथी बसवला, ही गोष्ट त्या इतिहासात ओझरती येते. पुढे कैदेतून निसटलेल्या आप्पासाहेबांना महादेवाच्या डोंगरात गोंडांनी आश्रय दिला. ‘दगाबाज’ ठरवलेल्या राजाला लोकांनी पाठीशी घातले, ते पहिली गोळी कोणाची होती हे ठाऊक नव्हते म्हणून खासच नव्हे.

येथेच दोन प्रश्न वेगळे होतात. ठिणगी कोणी टाकली, हा एक. आणि दारू कोणी साठवून ठेवली होती, हा दुसरा. पुढील शतकातील सगळा वाद या दोन प्रश्नांच्या गल्लतीतून वाढलेला दिसतो.

कापूस, बेल्जियम आणि टिळक

२८ जुलै १९१४ रोजी ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि आठवडाभरात जर्मनी, रशिया, फ्रान्स व इंग्लंड ही राष्ट्रे त्यात ओढली गेली. ४ ऑगस्टला इंग्लंडने युद्धघोषणा केली, त्या क्षणी हिंदुस्थानही युद्धात उतरला. त्याला कोणी विचारले नाही, विचारण्याची गरजही कोणास भासली नाही. काळ्या मातीच्या या कापूसपट्ट्याला युद्धाची पहिली जाणीव झाली असेल ती बाजारात. कारण हिंदी कापसाचे मोठे गिऱ्हाईक असलेली जर्मनी, ऑस्ट्रिया व बेल्जियम येथील बाजारपेठ एकाएकी बंद झाली आणि त्या हंगामात भाव कोसळले. साराजेव्होतील पिस्तुलाचा आवाज जिनिंगच्या दारात उभ्या असलेल्या बैलगाड्यांपर्यंत असा पोहोचला.

इंग्लंडने युद्धाचे जाहीर कारण सांगितले ते बेल्जियमच्या तटस्थतेचा जर्मनीने केलेला भंग. बेल्जियमवरील आक्रमण ही सत्य घटना होती व तिचे समर्थन शक्य नव्हते. परंतु दुबळ्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा हा कळवळा हिंदुस्थानात वाचला जात होता, आणि तो वाचणाऱ्याच्या मनात जे येणे स्वाभाविक होते ते आलेच.

लोकमान्य टिळक मंडालेहून जून १९१४ मध्ये परतले होते. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निवेदनात युद्धात सरकारला साहाय्य करावे असा सल्ला दिला, तेव्हा अनेक जहाल अनुयायी बुचकळ्यात पडले. परंतु टिळकांचे राजकारण पुढील दोन वर्षांत स्पष्ट झाले. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीगची स्थापना झाली आणि लहान राष्ट्रांच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या साम्राज्याने आपल्या घरात काय चालवले आहे, हा प्रश्न त्यांनी गावोगाव उभा केला. प्रतिपक्षाने उच्चारलेले तत्त्व खरे मानायचे आणि त्याच तत्त्वाच्या कसोटीवर त्याला उभे करायचे, ही ती पद्धत. दोषाचा निवाडा टिळकांनी मुद्दाम बाजूला ठेवला. युद्ध कोणामुळे झाले यापेक्षा युद्धामुळे आपल्या पदरात काय पडते, याकडे त्यांची दृष्टी होती.

‘कॉम्रेड’चा लेख

दुसरी पद्धत महंमद अलींची. ऑक्सफर्डला शिकलेले, बडोदे संस्थानात नोकरी केलेले हे गृहस्थ १९११ पासून ‘कॉम्रेड’ हे इंग्रजी साप्ताहिक प्रथम कलकत्त्याहून व नंतर दिल्लीहून काढीत असत. तुर्कस्तान युद्धात कोणत्या बाजूने जाणार हे अनिश्चित असताना लंडनच्या ‘टाइम्स’ने ‘तुर्कांपुढील निवड’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक धमकीवजा लेख प्रसिद्ध केला. महंमद अलींनी त्याच शीर्षकाने २६ सप्टेंबर १९१४ च्या ‘कॉम्रेड’मध्ये प्रदीर्घ उत्तर दिले. सलग चाळीस तास बसून, केवळ कॉफीवर राहून आपण तो लेख लिहिला, असे त्यांनी आत्मवृत्तात नमूद केले आहे.

या लेखात तुर्कांना युद्धाची चिथावणी दिली आहे, असा सरकारचा ग्रह झाला. वस्तुतः तुर्कांनी तटस्थ राहावे असेच महंमद अलींचे मत होते. मात्र असे मत देताना त्यांनी इंग्लंडकडून तुर्कस्तानला सोसाव्या लागलेल्या अन्यायांची यादी मांडली, इजिप्तवरील ताब्याचा जाब विचारला, आणि आज नीतीच्या गोष्टी सांगणारी राष्ट्रे काल काय करीत होती याचे स्मरण करून दिले. सरकारला झोंबले ते हे स्मरण. १९१० च्या मुद्रण कायद्याखाली पत्राचा जामीन जप्त झाला व ‘कॉम्रेड’ बंद पडले. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरल्यावर महंमद अली व त्यांचे ज्येष्ठ बंधू शौकत अली हे संशयितच ठरले. मे १९१५ मध्ये नव्या भारत संरक्षण कायद्यान्वये त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. प्रथम महरौली, मग लॅन्सडाउन आणि त्याच वर्षाच्या अखेरीस छिंदवाडा.

छिंदवाड्याची निवड का झाली असावी, हे नकाशा पाहिला म्हणजे कळते. मुसलमानांची मोठी वस्ती नाही, उर्दू वृत्तपत्रांचे केंद्र नाही, सातपुड्याच्या पठारावरचे एक शांत जिल्ह्याचे ठिकाण. सरकारच्या हिशेबी हे विस्मरणात टाकण्याचे स्थळ होते. परंतु घडले उलटेच. पत्रांवर तपासनीसाची नजर असूनही छिंदवाड्याचे नाव देशभर गाजू लागले. बंधूंच्या मातोश्री आबादी बानू बेगम, ज्यांना सारा देश पुढे ‘बी अम्मा’ म्हणून ओळखू लागला, त्या त्यांच्यासोबत होत्या. महंमद अलींचा धर्मग्रंथांचा सखोल अभ्यास येथेच झाला आणि ‘जौहर’ या नावाने त्यांनी केलेल्या उर्दू कवितेलाही येथे बहर आला. त्यांचे वकील होते छिंदवाड्याचे घाटे. आडनावच त्यांचे मराठीपण सांगते. स्थानबद्ध बंधू आणि महात्मा गांधी यांच्यामधील पत्रव्यवहारात या घाटे वकिलांचा दुवा महत्त्वाचा ठरला. गांधीजींनी त्यांना लिहिलेली पत्रे आज प्रसिद्ध आहेत. खिलाफतीच्या प्रश्नाशी ज्याचा धर्माने काडीचा संबंध नाही, अशा मराठी वकिलाने हे काम अंगावर घेतले, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात आवर्जून नोंदवण्याजोगी आहे.

१९१७ मध्ये ॲनी बेझंट यांची सुटका झाली, तेव्हा अली बंधूंचीही होईल अशी अपेक्षा होती. युद्ध संपेपर्यंत राजाच्या शत्रूंना साहाय्यभूत होईल असे काही करणार नाही, अशा हमीवर त्यांची सही मागण्यात आली. बंधूंनी आपल्या धर्मनिष्ठेला बाध येऊ न देता, अशी पुस्ती तीस जोडली; सरकारला ती मान्य झाली नाही व सुटका टळली. त्या वर्षअखेर कलकत्त्यास भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून महंमद अली निवडले गेले होते. अध्यक्ष छिंदवाड्यास बंदिस्त, म्हणून त्यांची खुर्ची रिकामी ठेवण्यात आली.

गुप्त तह आणि युद्धपरिषदा

दरम्यान मराठी शेतकऱ्यांची मुले या युद्धात लढत होतीच. इराकमधील कूत येथे वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी जी सेना तुर्कांना शरण गेली, ती सहावी, म्हणजेच ‘पुणे डिव्हिजन’ होती व तीत मराठा पलटणींचा समावेश होता. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांतील कित्येक वाळवंटातील पायपिटीत व छावण्यांत मरण पावली. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडले, तेव्हा जनरल मॉड यांनी जाहीरनामा काढून आपण विजेते म्हणून आलो नसून मुक्तिदाते म्हणून आलो आहोत, असे शहरवासीयांस सांगितले. प्रत्यक्षात त्यापूर्वी दहा महिने, मे १९१६ मध्ये, इंग्लंड व फ्रान्स यांनी साइक्स-पिको कराराने अरबांचे प्रदेश कागदावर वाटून घेतले होते.

हे कागद उजेडात आले ते रशियन क्रांतीमुळे. नोव्हेंबर १९१७ मध्ये बोल्शेव्हिकांनी झारच्या दप्तरातील गुप्त तह प्रसिद्ध केले आणि युद्धाच्या दोषाविषयीचा वाद एकदम निराळ्या पातळीवर गेला. दारू कोणी साठवली, या प्रश्नाचे लेखी उत्तर आता जगापुढे होते. साम्राज्यांच्या स्पर्धेतच युद्धाचे मूळ आहे, हे हॉब्सन या इंग्रज लेखकाने १९०२ साली सूचित केलेले व लेनिनने १९१६ मध्ये विस्ताराने मांडलेले मत आता केवळ तर्क राहिले नाही.

याचा आपल्या राजकारणावर झालेला परिणाम एप्रिल १९१८ च्या दिल्ली येथील युद्धपरिषदेच्या वेळी दिसतो. व्हाइसरॉयने गांधीजींना बोलावले. टिळक, बेझंट व अली बंधू यांना मात्र वगळले. याच सुमारास दीनबंधू अँड्र्यूज यांनी गुप्त तहांकडे गांधीजींचे लक्ष वेधून विचारले की, हे ठाऊक असताना आपण या परिषदेत भाग कसा घेऊ शकता? गांधीजींची चलबिचल झाली. अखेर व्हाइसरॉयच्या भेटीनंतर ते परिषदेस गेले, सैन्यभरतीच्या ठरावाला त्यांनी हिंदीत एका वाक्यात पाठिंबा दिला आणि छिंदवाड्याच्या बंदिवानांचा प्रश्न पत्राद्वारे व्हाइसरॉयकडे लावून धरला. साम्राज्याचे नागरिकत्व हवे तर त्याच्या संकटात विनाशर्त साहाय्य केले पाहिजे, ही त्यांची तेव्हाची भूमिका होती. ही झाली तिसरी पद्धत. अहिंसेच्या उपासकाने खेडा जिल्ह्यात गावोगाव सैन्यभरतीसाठी फिरावे, यातील विसंगती त्यांच्या निकटवर्तीयांनाही डाचत होती.

जूनमध्ये मुंबईस गव्हर्नर विलिंग्डन यांच्या अध्यक्षतेखाली अशीच परिषद भरली. तीत टिळकांनी साहाय्याचा संबंध स्वराज्याशी जोडताच गव्हर्नरांनी त्यांना मध्येच अडवले आणि टिळक सभात्याग करून बाहेर पडले. प्रतिपक्षाला त्याच्याच तत्त्वाने बांधण्याच्या पद्धतीची मर्यादा त्या दिवशी स्पष्ट झाली. बांधून घेण्याची इच्छाच नसेल तर तत्त्वाचा दोर कुचकामी ठरतो.

एक जून महिना

युद्ध संपले त्या वर्षी मध्यप्रांताने महागाई, अवर्षण आणि इन्फ्ल्युएंझा यांचा एकत्र तडाखा सोसला. त्या साथीत सर्वाधिक मनुष्यहानी झालेल्या प्रांतांत मध्यप्रांत व वऱ्हाड यांची गणना होते. आणि मग आला १९१९ च्या जूनचा महिना.

२८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात तह झाला. त्याच्या २३१ व्या कलमाने युद्धाची जबाबदारी जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकली. या तहावर हिंदुस्थानच्या वतीने सही केली ती भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी. राष्ट्रसभेने शांतता परिषदेसाठी ज्यांची निवड केली होती, त्या टिळकांना पॅरिसला जाता आले नाही. त्यांनी लंडनहून परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांच्याकडे हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाची मागणी लेखी पाठवली, एवढेच शक्य झाले. जालियनवाला बागेतील हत्याकांडाला तेव्हा अडीच महिनेही लोटले नव्हते. आणि त्याच जून महिन्यात अली बंधूंना छिंदवाड्याच्या स्थानबद्धतेतून उचलून बैतूलच्या तुरुंगात हलवण्यात आले.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्या देशाला युद्धात उतरताना कोणी विचारले नाही, त्या देशाची सही युद्धाचा दोष ठरवणाऱ्या कागदावर मात्र घेण्यात आली. आणि दोषाचा वेगळा हिशेब मांडणारा संपादक मुलताईपलीकडच्या तुरुंगात होता. डिसेंबरअखेर सुटल्यावर हे बंधू थेट अमृतसरच्या काँग्रेसला गेले. वर्षभराने नागपूरच्या अधिवेशनात असहकारितेचा ठराव कायम झाला आणि लगेच, जानेवारी १९२१ मध्ये, गांधीजी छिंदवाड्यास येऊन गेले. विनाशर्त साहाय्याची भूमिका तोपर्यंत त्यांनी टाकून दिली होती.

टीकेची दुसरी बाजू

येथवरची हकीकत वाचून अली बंधूंचा पक्ष सर्वस्वी न्याय्य होता, असे कोणास वाटेल. तसे म्हणता येत नाही. इंग्लंडच्या साम्राज्यशाहीचे माप त्यांनी अचूक घेतले. परंतु तुर्कस्तानही एक साम्राज्यच होते, हे त्यांनी नजरेआड केले. १९१५ पासून आर्मेनियन लोकांची झालेली भीषण कत्तल त्याच साम्राज्यात घडली. जून १९१६ मध्ये मक्केच्या शरीफ हुसेनने तुर्कांविरुद्ध उठाव केला. त्यामागे इंग्रजांची फूस होती, पण अरबांची स्वातंत्र्याकांक्षाही होती. अरबस्तानची भूमी खलिफाच्या सत्तेखालीच राहिली पाहिजे, अशी मागणी करणाऱ्या खिलाफत चळवळीने त्या अरबांना विचारले होते काय? शेवटी १९२४ मध्ये खिलाफत रद्द केली ती इंग्रजांनी नव्हे, तर खुद्द तुर्कांनीच, आणि चळवळीचा आधारच नाहीसा झाला.

एका साम्राज्याच्या अन्यायाने डोळे इतके भरून यावेत की दुसऱ्याचा अन्याय दिसूच नये, हा दोष एकट्या अली बंधूंचा नाही. पारतंत्र्यातील माणसाला तो नेहमीच जडतो.

पांढुर्णेकरांना यासाठी दूर जावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. तेथे पहिला दगड कोणत्या काठावरून आला, हे विचारण्यात अर्थ नसतो. दोन्ही काठांनी दगड आधीच गोळा केलेले असतात. पण म्हणून ज्याचे डोके फुटले त्याला कोणाचाच दगड लागला नाही, असेही होत नाही. आणि मध्यभागी उभ्या असलेल्या पळसाला तर कोणत्याच काठाने विचारलेले नसते. वसाहतींची स्थिती त्या पळसासारखी होती. युद्धाच्या दोषाचा विचार करताना तिसरा प्रश्न विचारण्याचा अधिकार म्हणूनच त्यांना पोहोचतो : ज्याच्या नावाने वा ज्याच्यासाठी युद्ध चालले, त्याचे मत कोणी घेतले काय?

वर्धा, १९३९

हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी आणि वेगवेगळे विचारले गेले ते वर्ध्याला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी प्रांतिक मंत्रिमंडळांना किंवा विधिमंडळाला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे घोषित केले. पंचवीस वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा घडली. फरक इतकाच की या वेळी देशात विचारण्याजोगी मंत्रिमंडळे होती. काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्यास भरली. गांधीजींचा कल ब्रिटनला विनाशर्त, परंतु केवळ नैतिक पाठिंबा देण्याकडे होता, आणि त्या मताचे आपण एकटेच असल्याचे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले. निमंत्रित म्हणून आलेले सुभाषचंद्र बोस यांना ही संधी साधून लढा पुकारावा असे वाटत होते. १४ सप्टेंबरला मान्य झालेले, पंडित नेहरूंनी लिहिलेले निवेदन या दोहोंहून निराळे होते.

त्या निवेदनाने पोलंडवरील नाझी आक्रमणाचा निःसंदिग्ध निषेध केला. ठिणगी कोणाची, याविषयी त्याने संदेह ठेवला नाही. लगेच त्याने दुसरा प्रश्न घेतला : हे युद्ध साम्राज्ये, वसाहती आणि हितसंबंध जसेच्या तसे राखण्यासाठी असेल, तर हिंदुस्थानचा त्याच्याशी संबंध नाही, लोकशाहीसाठी असेल, तर लोकशाही व साम्राज्यशाही यांविषयीचे आपले हेतू ब्रिटनने स्पष्ट सांगावेत व ते हिंदुस्थानला कसे लागू होतील तेही सांगावे. व्हाइसरॉयचे ऑक्टोबरमधील उत्तर टोलवाटोलवीचे होते. त्यानंतर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. नोव्हेंबरमध्ये पंडित रविशंकर शुक्लांचे मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्रिमंडळही पायउतार झाले.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळील पवनार येथे विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला. त्यांचा विरोध एखाद्या पक्षाच्या दोषाला नव्हता, युद्ध या संस्थेलाच होता.

मराठी विचारविश्व या वेळी एकमुखी नव्हते, आणि हेच त्या काळाचे वैभव म्हटले पाहिजे. डॉ. आंबेडकरांनी नाझी राजवटीचा विजय म्हणजे समता व स्वातंत्र्य यांचा अस्त, असे मानून युद्धप्रयत्नास पाठिंबा दिला; १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. मानवेंद्रनाथ रॉय यांच्यासमवेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या विचारवंतांनी फॅसिझमच्या पराभवाला अग्रक्रम दिला. सावरकरांनी सैनिकीकरणाच्या हेतूने हिंदूंनी सैन्यात शिरावे असा पुकारा केला. कम्युनिस्टांनी युद्धाला प्रथम ‘साम्राज्यवादी’ म्हटले आणि जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर स्वारी केल्यावर काही महिन्यांतच त्याला ‘लोकयुद्ध’ ठरवले. युद्ध तेच, पण मॉस्कोच्या बाजूने पाहिले की त्याचे नाव बदलले. दुसरीकडे सुभाषबाबूंनी शत्रूचा शत्रू तो मित्र या न्यायाने जर्मनी व जपानचे साहाय्य घेतले. त्यांच्या देशभक्तीविषयी कोणास शंका घेता येणार नाही. पण चीन आणि कोरियातील जनतेने जपानी साम्राज्यशाहीचा जो अनुभव घेतला, तो या हिशेबात कोठे बसतो, हा प्रश्न उरतोच. १९१४ च्या ‘कॉम्रेड’पुढे उभा असलेलाच हा प्रश्न होता. आणि ब्रिटनच्या बाजूने विचार करणाऱ्यांपुढे १९४३ चा बंगालचा दुष्काळ उभा होता. लोकशाहीसाठी लढणाऱ्या साम्राज्याच्या अमलात तेव्हा सुमारे तीस लाख माणसे मेली.

निवाड्याचा अधिकार

युद्धानंतर टोकियो येथे जपानी नेत्यांवर जो खटला चालला, त्यात न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी १९४८ मध्ये स्वतंत्र व दीर्घ निकालपत्र दिले. पाश्चात्त्य राष्ट्रांनी आशियात साम्राज्ये उभारली ती कोणत्या मार्गाने, आणि त्या राष्ट्रांना आक्रमक युद्धाचा गुन्हा घडल्यावर मागाहून ठरवण्याचा अधिकार कसा पोहोचतो, असा त्यांचा सवाल होता. सर्व आरोपींना त्यांनी निर्दोष ठरवले. पुढे जपानमधील काहींनी या निकालाचा आधार घेऊन आपल्या राष्ट्राने काही गैर केलेच नाही, असे सांगण्यास सुरुवात केली. पालांनी तसे म्हटले नव्हते. जपानी सैन्याच्या अत्याचारांचा पुरावा प्रचंड आहे, हे त्यांनी मान्यच केले होते. न्यायाधीशाचे हात स्वच्छ नाहीत, एवढे सिद्ध झाल्याने आरोपीचे हात स्वच्छ ठरत नाहीत.

इतिहासकारांचा वादही असाच दोन टोकांत फिरत राहिला आहे. १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकारानेच पहिल्या महायुद्धाची मुख्य जबाबदारी जर्मनीच्या विस्तारवादी आकांक्षांवर टाकली व स्वदेशात वादळ उठवले. २०१२ मध्ये ख्रिस्तोफर क्लार्क यांनी सारीच राष्ट्रे झोपेत चालल्यासारखी युद्धात शिरली, असे प्रतिपादन केले. या दोन्ही ग्रंथांचा भर युरोपच्या दरबारांवर आहे. कूतच्या वेढ्यात उपासमारीने खंगलेला मराठा शिपाई किंवा छिंदवाड्याचा स्थानबद्ध संपादक ज्या बाजूने या युद्धाकडे पाहत होता, ती बाजू मांडण्याचे काम आपले आहे.

हा वाद जुना झालेला नाही. २००३ साली सामूहिक संहाराच्या शस्त्रांचे कारण सांगून अमेरिका व ब्रिटन यांनी इराकवर आक्रमण केले. ती शस्त्रे सापडली नाहीत. १९१७ प्रमाणेच बगदादमध्ये मुक्तीची भाषा पुन्हा ऐकू आली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चढाई केली, तेव्हा आपल्याकडे चौकाचौकांत वाद झडले. कोणी नाटोच्या विस्ताराकडे बोट दाखवले, कोणी इराकची आठवण करून दिली. या आठवणी खोट्या नाहीत. दारू कोणी साठवली, या प्रश्नाचा तो भाग आहे. पण सीमा ओलांडून रणगाडे कोणी नेले, याचे उत्तर त्यांनी पुसले जात नाही. आणि ज्या देशाच्या भूमीवर हे चालले आहे त्याच्या लोकांना काय हवे, हा प्रश्न तर सर्वांत आधी विचारावयास हवा. आपण स्वतः एके काळी त्या जागी उभे होतो.

वर्ध्याच्या निवेदनाचे मोल यातच आहे. पोलंडसाठी एक न्याय आणि हिंदुस्थानसाठी दुसरा, हे त्याने ब्रिटनला चालू दिले नाही. तसेच ब्रिटनविषयीचा राग पोलंडच्या आड येऊ दिला नाही. अशी समतोल दृष्टी एका वृत्तपत्राच्या वाचनाने येत नसते. ‘टाइम्स’चा लेख आणि ‘कॉम्रेड’चे उत्तर हे दोन्ही ज्याने वाचले, त्यालाच १९१४ चा वाद कळण्याची शक्यता होती. सरकारने त्यांतले एक पत्र बंद केले आणि त्याचा संपादक आपल्या जिल्ह्यात आणून ठेवला. दोन्ही बाजूंचे कागद एकाच मेजावर, सर्वांसाठी उघडे ठेवणे हे वाचनालयाचे काम आहे, आणि शंभर वर्षांनंतरही त्याची गरज तितकीच आहे.